खालच्या खोलीतली हवा

विनायक पोंक्षे मेट्रोत बसत नाही, ही आमच्या इमारतीत थट्टेची गोष्ट झाली होती. मागच्या वर्षी मार्चमध्ये नदीखालून मेट्रो सुरू झाली, तेव्हा सॉल्ट लेकमधली अर्धी माणसं नुसती हौस म्हणून हावड्याला जाऊन आली. मीसुद्धा गेले, सदुसष्टाव्या वर्षी, भाचीचा हात धरून. आणि ज्याला रोज हावड्याला जावं लागायचं तो विनायक मात्र बसने बाबूघाटला जायचा, तिथून लाँचने पलीकडे, आणि पुढे लिलुआच्याही पलीकडच्या त्याच्या कारखान्यापर्यंत आणखी एक बस. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "निर्मलाताई, जिने उतरायला नको वाटतं." मी समजले, गुडघे दुखत असतील. पन्नाशी उलटल्यावर कोणाचे दुखत नाहीत?

गुडघ्यांचा काही संबंध नव्हता.

पोंक्षे कुटुंब आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. विनायक मूळचा चिपळूणचा, केमिकलचा डिप्लोमा करून कोकणातल्या कारखान्यांत काही वर्षं काढली, आणि मग एका ओळखीच्या इंजिनिअरच्या शब्दावर इकडे बंगालमध्ये आला. बायको सरला, मुलगी ऋता. ऋता आता न्यू टाउनमध्ये नोकरी करते आणि मराठी बोलताना मधेच अडून बंगालीत शिरते. मी बँकेत राजभाषा अधिकारी होते. तीस वर्षं सरकारी पत्रं इकडून तिकडे करण्यात गेली, त्यामुळे इमारतीत कोणाला अर्ज लिहायचा झाला की माझं दार वाजतं. विनायकही त्यासाठीच आला होता, मागच्याच वर्षी जुलैत, रविवारी सकाळी, सरलाला न सांगता. त्या दिवशी त्यानं जे सांगितलं आणि त्यानंतर जे मी स्वतः पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

त्याच्या कारखान्यात एअरोजेल तयार होतं. हा शब्द मला तेव्हा नवा होता. सिलिका म्हणजे वाळूतलंच द्रव्य. अल्कोहोलात त्याची आधी जेली करायची. ती जेली उघड्यावर वाळवली तर आतला द्रव बाहेर पडता पडता बारीक छिद्रांच्या भिंती आत ओढतो, आणि सगळं आक्रसून त्याचा चुरा होतो. म्हणून ती एका जाड पोलादी भांड्यात ठेवतात आणि अल्कोहोलाच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात. मग दाब हवेच्या सत्तर पटींहून वर नेतात आणि भांडं कोमट करतात. कोमट म्हणजे अगदी चाळीस अंश. तेवढ्यात तो द्रव द्रव राहत नाही आणि वायूही होत नाही, दोन्हींच्या पलीकडची काहीतरी अवस्था येते. त्याला पृष्ठभागच उरत नाही, त्यामुळे तो ओढणार कशाला? हळूहळू दाब सोडला की तो निघून जातो आणि जेलीचा सांगाडा जसाच्या तसा मागे राहतो. निळसर, धुराच्या वडीसारखा, हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटू नये इतका हलका. लोकरीसारख्या चादरीत तो भरला की तेलाच्या नळांभोवती गुंडाळायला उत्तम, उष्णता आरपार जात नाही.

हे सांगताना विनायकचा चेहरा उजळला होता. वीस वर्षं त्या भांड्यांपाशी काढलेला माणूस तो.

त्याच्या हाताखाली तन्मय पाल होता. हावड्याचाच, शिबपूरचा. वडिलांनी चाळीस वर्षं लेथ चालवलेली. तन्मयला कामाचा नाद होता. प्रयोगासाठी एक लहान भांडं होतं, त्याला जाड काचेची खिडकी. दाब आणि उष्णता बरोबर जमली की त्या खिडकीत द्रवाची रेघ थरथरते, मग सगळं दुधी धुकं होतं आणि रेघ नाहीशी होते. तन्मयनं ते शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी तो वाकून बघायचा. विनायकला तो बिनायकदा, म्हणजे विनायकदादा, म्हणायचा. दोघांचं आपसात एक ठरलेलं होतं. मोठ्या भांड्यातून सुटलेला वायू नळातून तळघरासारख्या खालच्या खोलीत जायचा, तिथे तो पुन्हा साठवायची यंत्रणा होती. तन्मय खाली जाऊन झडप बंद करायचा आणि पान्यानं नळावर दोनदा ठोकायचा. वर विनायकला ते ऐकू यायचं. दोन ठोके म्हणजे झालं काम.

त्या खालच्या खोलीत एक भोंगा होता. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, म्हणण्यासारखा वास नाही, आणि हवेपेक्षा तो जड, म्हणून जमिनीलगत साचतो. गुडघ्याच्या उंचीवर एक मापक बसवलेला होता. वायू वाढला की भोंगा वाजायचा आणि त्याच तारेवर बाहेर हवा फेकणारा पंखाही सुरू व्हायचा. पण एका जुन्या सांध्यातून थोडा वायू नेहमीच गळायचा, आणि मालाच्या प्रत्येक खेपेच्या शेवटी तासभर तो भोंगा कोकलत राहायचा. सांधा बदलायचं दोनदा ठरलं, दोनदा राहिलं.

एकोणीस सालच्या डिसेंबरात गिऱ्हाईक कंपनीचे चार जण कारखाना बघायला येणार होते. मालक सकाळी विनायकला म्हणाले, ते असताना तेवढा भोंगा वाजायला नको. विनायकनं जिन्याच्या तोंडाशी असलेली मापकाची किल्ली दुरुस्तीच्या खुणेवर फिरवली, म्हणजे भोंगाही बंद आणि पंखाही. हिरवा दिवा लागलेलाच राहिला, कारण तो दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगायचा. अर्ध्या तासानं किल्ली परत फिरवायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तन्मय तेव्हा अजून यायचा होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

पाहुणे वर आले. विनायक त्यांना नेहमीचा प्रयोग दाखवत होता. एअरोजेलची वडी, तिच्यावर झेंडूचं फूल, आणि खालून बर्नरची ज्योत. फूल ताजंच राहतं. पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या सुमारास तन्मय खाली गेला. भोंगा गप्प, दिवा हिरवा, म्हणजे खोली स्वच्छ, असं त्यानं धरलं आणि झडपेसाठी वाकला.

एक जण पाण्याची बाटली आणायला जिन्याशी गेला, त्याला खाली तन्मय पडलेला दिसला आणि त्यानं हाक मारली, तेव्हा कळलं. विनायक धावला. पंखा सुरू व्हायला हवा म्हणून त्यानं आधी किल्ली परत फिरवली. त्याबरोबर भोंगा किंचाळायला लागला. पंख्यानं हवा हलायला काही मिनिटं गेली, मग श्वास रोखून तो आणि आणखी एक कामगार उतरले आणि तन्मयला वर काढलं. इस्पितळात नेण्यात अर्थ नव्हता, तरी नेलं.

"भोंगा वाजताना सगळ्यांनी ऐकला," विनायक मला म्हणाला. त्याच्यापुढचा चहा तसाच होता. "चौकशीत प्रत्येकानं तेच सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही, ताई. फक्त तो कधीपासून वाजत होता, हे मला कोणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही."

अहवालात आलं, की धोक्याचा भोंगा वाजत असतानाही मृत कामगार परवानगीशिवाय खोलीत शिरला. मालकांनी विनायकच्या खांद्यावर हात ठेवला आणि जे झालं ते झालं म्हणाले. सांधा बदलला, नवा मापक आला, भांडी पुन्हा तापली. विनायक तिथेच काम करत राहिला, साडेचार वर्षं.

त्या वर्षांतलं बाकीचं मला सरलाकडून नंतर कळलं. तिला फक्त अपघात ठाऊक होता, आणि नवऱ्याचा सहकारी गेला म्हणून तो खचलाय असं ती धरून चालली होती. पण तो जमिनीवर बसेनासा झाला. पाटावर बसून जेवणारा माणूस टेबलाशी जेवू लागला. खालच्या फळीवरचा तांदळाचा डबा काढायला सांगितलं तर आधी छातीभर श्वास घ्यायचा, वाकायचा, डबा काढायचा आणि सरळ उभा राहून मगच श्वास सोडायचा. तिनं हसून नक्कल केली, तर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही. पलंगाच्या पायांखाली त्यानं विटा लावल्या. महाराष्ट्र मंडळात गणपतीला सगळे सतरंजीवर बसले, हा खांबाला टेकून उभा. तिथे कोणाचं तरी वर्षाचं बाळ रांगत होतं. विनायकनं तीन वेळा जाऊन ते उचललं आणि तीन वेळा त्याच्या आईच्या मांडीवर आणून दिलं. तिसऱ्या वेळी ती बाई रागावली.

आणि कारखान्यात त्याला ठोके ऐकू यायचे. दाब उतरताना पोलाद गार होतं, आक्रसतं, कटकट वाजतं, हे त्याला तुम्हाआम्हांपेक्षा जास्त माहीत. तरी खेप संपत आली की तो नळापाशी जाऊन उभा राहायचा. नव्या माणसाला वाटायचं, साहेब बारकाईनं लक्ष ठेवतात. प्रयोगाच्या लहान भांड्याची खिडकी त्यानं चिकटपट्टी लावून झाकली होती. कोणी कारण विचारलं तर काच जुनी झाली म्हणायचा.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षीच्या जूनमध्ये लाँचवर त्याला तन्मयचे वडील भेटले.

सकाळची वेळ, लाँच भरलेली. म्हातारा कठड्याला धरून उभा होता, एका हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली. विनायकनं त्यांना ओळखलं आणि तोंड फिरवलं, पण त्यांनी गर्दीतून वाट काढली आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. आपण तन्मयचे बाबा, असं त्यांनी सांगितलं, आणि मग हात जोडले. म्हणाले, माझ्या मुलामुळे तुम्हाला चौकशीचा त्रास झाला, कारखाना महिनाभर बंद राहिला, त्याची माफी मागायची कधीची मनात होती. ही बोटं गेली ती दुसऱ्याच्या मशिनवर, दुसऱ्याच्या चुकीनं. मी चाळीस वर्षांत स्वतःच्या चुकीनं साधा ओरखडा काढून घेतला नाही. आणि माझा मुलगा भोंगा वाजत असताना आत जातो. काम त्याला मी नीट शिकवलं नाही.

"ते हात जोडून उभे होते," विनायक म्हणाला, "आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, असू द्या, काका."

नंतर महिनाभर तो लाँचनंही गेला नाही. रोज पुलावरून चालत नदी ओलांडायचा. मग तो रविवार आला आणि तो माझ्या दाराशी उभा राहिला.

मी त्याला काय सांगणार होते? अक्कल शिकवायची माझी हिंमत झाली नाही. कागद पुढे ओढला आणि म्हटलं, सुरुवातीपासून सांग, तारखांसकट. कारखाना निरीक्षकांच्या नावे अर्ज होता, इंग्रजीत. तीन पानं झाली. मालकांनी काय सांगितलं ते, किल्ली कोणी फिरवली ते, भोंगा कधी सुरू झाला ते. मी वाचून दाखवत होते आणि तो मान हलवत होता. "नजरचुकीने" असा शब्द मी एका ठिकाणी घातला होता. तो त्यानं काढायला लावला.

सही करून झाल्यावर तो म्हणाला की हा अर्ज टाकायच्या आधी तन्मयच्या बायकोला सांगायला हवं, आणि मी बरोबर यावं. माझं बंगाली त्याच्यापेक्षा बरं होतं. घरी आधी सरलाला सांग, मी म्हटलं. त्यानं सांगितलं. सरला दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला आणि मला खाली येऊन म्हणाली, तुम्ही जा त्यांच्याबरोबर, माझ्यानं त्या बाईकडे बघवणार नाही.

सुतपा पाल औषधांच्या दुकानात काम करते. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हाची वेळ तिनं दिली होती. शिबपूरच्या एका अरुंद गल्लीत दोन खोल्या. सासरे आतल्या खोलीत झोपले होते. तिनं आम्हांला खाली चटईवर बसायची खूण केली, आणि विनायक थबकला. मी पाहत होते. त्यानं डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि बसला. बसल्यावर किती तरी वेळ तो श्वास घेत नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे त्याची छाती हलली.

बोलायला मी आले होते, पण बोलला तोच. मोडक्यातोडक्या बंगालीत, अडला की हिंदीत. किल्ली, हिरवा दिवा, पाहुणे, सगळं. सुतपा भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं मधे एकदाही त्याला थांबवलं नाही. त्याचं बोलणं संपलं.

मग तिनं एकच विचारलं. "त्यानं आवाज दिला होता का?"

अर्जात याबद्दल काही नव्हतं. मलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. विनायक नाही म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं? त्या बाईलाही कदाचित नाहीच ऐकायचं होतं.

"नळावर ठोके आले होते," तो म्हणाला. "दोन नव्हते. जास्त होते. उलटसुलट. मी बर्नर धरून उभा होतो. मला वाटलं, भांडं गार होतंय."

"किती?"

"सहा. सातवा अर्धवट."

सुतपानं तोंडावर पदर धरला. मी उठायला गेले, तर तिनं हातानंच बसा म्हणून सांगितलं. ती रडत नव्हती. पदर खाली घेऊन ती म्हणाली, "म्हणजे त्याला ठाऊक होतं, तुम्ही वर आहात." विनायक हो म्हणाला.

क्षमेचं कोणी काही बोललं नाही. त्यानं मागितली नाही, तिनं दिली नाही. ती उठून आत गेली, पाणी घेऊन आली, आणि मग अगदी कामाच्या सुरात म्हणाली की अर्जाची एक प्रत तिला हवी, आणि ती बंगालीत हवी. सासऱ्यांना तोंडी काही सांगून उपयोग नाही. भोंगा वाजत होता, हे त्यांनी सरकारी कागदावर वाचलं आहे. खोडायचं ते दुसऱ्या सरकारी कागदानंच. मी तिथेच बसून अर्ज बंगालीत उतरवून दिला. ठोक्यांचं घालायचं का, असं मी हळूच विचारलं. ती म्हणाली, नको, ते माझ्यापुरतं.

अर्ज ऑगस्टमध्ये गेला. त्याच आठवड्यात मालकांनी विनायकला कारखान्याच्या दारातच थांबवलं. आतला डबा आणि चपला कोणीतरी बाहेर आणून दिल्या. इमारतीतल्या काहींनी त्याला मूर्ख ठरवलं, काहींनी जिन्यात बोलणं टाकलं. ऋतानं बापाला विचारलं की साडेचार वर्षं गप्प बसायचं होतं, तर आता का बोललात. ती दोन महिने मैत्रिणीकडे राहिली, मग परत आली.

निरीक्षकांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. पाहुण्यांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये त्या फुलाचा फोटो सापडला, वेळेसकट. ज्योत पेटलेली, फूल ताजं, मागे विनायक किंचित मान वळवून नळाकडे बघतो आहे. फोटोच्या बऱ्याच आधीपासून जुन्या मापकाच्या नोंदीत काहीच नव्हतं, आणि फोटोनंतर अकरा मिनिटांनी भोंगा सुरू झाल्याची नोंद होती. ती नोंद पहिल्या वेळी कोणी काढूनच पाहिली नव्हती.

यंदाच्या मे महिन्यात सुधारलेला अहवाल आला. मृत कामगाराचा दोष नाही, असं एक वाक्य त्यात आहे. मालक आणि विनायक दोघांवर खटला भरला आहे, तारखा चालू आहेत. सुतपानं तो अहवाल सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, असं तिनं मला फोनवर सांगितलं. मग विचारलं, हा पोंक्षे म्हणजे लाँचवर भेटला तोच का. हो म्हटल्यावर त्यांनी कागद घडी करून उशाशी ठेवला आणि दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तन्मयची लेथवर शिकतानाची वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

विनायक घरी असतो. कुठे कुठे अर्ज करतो, खटल्याचं ऐकून कोणी घेत नाही. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. पलंगाखालच्या विटा तशाच आहेत. परवा दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा त्याचा फोन वाजला. नाव बघून तो ताडकन उभा राहिला. सुतपा होती. शिबपूरच्या त्या दुपारनंतर तिनं त्याला पहिल्यांदाच फोन केला होता. तिच्या वकिलानं कागदांत वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड असं घातलं होतं, आणि तिला ते बरोबर वाटत नव्हतं. पुढच्या तारखेआधी दुरुस्त करायला हवं होतं.

"मोनॉक्साइड नाही," तो म्हणाला. "डायऑक्साइड. लिहून घ्या."

आणि खिडकीशी उभा राहून त्यानं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. तिनं पलीकडून परत वाचून दाखवलं असावं, कारण तो मधेच थांबला, ऐकलं, आणि एक अक्षर पुन्हा सांगितलं. मग तिनं फोन ठेवला.